निवडणूक झाली, आपण हरलो, मग ऑफिस अजून उघडं कशाला? आघाडीला सारखे विचारले जाणारे प्रश्न

१५ जानेवारी २०२६ ला सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचं मतदान झालं, १६ ला निकाल लागला आणि आपल्या प्रभागातले आपले चारही उमेदवार पडले. तेव्हापासून ऑफिसमध्ये, चहाच्या गाड्यावर, भाजी घेताना, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं की गैरसमज वाढतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मी आपल्या स्थानिक आघाडीचा साधा कार्यकर्ता आहे, प्रचारात वही माझ्याकडं होती आणि अजून माझ्याकडंच आहे, त्यामुळं लिहायचं काम पण माझ्याकडंच आलं.

हरलात तरी ऑफिस का उघडं ठेवलंय?

वहीमुळं. प्रचाराला घरोघरी फिरताना आम्ही नुसती पत्रकं वाटली नाहीत, प्रत्येक टीमसोबत एक दोनशे पानी वही होती आणि ज्या घरात कुणी काही सांगितलं ते तिथंच उभं राहून लिहून घेतलं. गटारीचं झाकण तुटलंय, पाणी पहाटे येतंय आणि प्रेशर नसतंय, सुनेचं नाव यादीत नाही, विधवा पेन्शन थांबलीय, खांबावरचा दिवा लागत नाही. अशा पाच वह्या भरल्या. निकालाच्या रात्री सगळे गप्प बसले होते, तेव्हा आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं की या वह्यांचं आता काय करायचं, रद्दीत घालायच्या का? कुणालाच उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं ते तेवढ्यासाठीच. लोकांनी विश्वासानं सांगितलं होतं, आम्ही मत मागायला गेलो होतो म्हणून सांगितलं होतं, आणि मत मिळालं नाही म्हणून ते सांगणं खोटं होत नाही.

पण नगरसेवक नसताना तुम्ही काम कसं करणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक तर लोकांना वाटतं की महापालिकेत सगळं नगरसेवकच करतो. तसं नाहीये. कारभार चालवायचा अधिकार आयुक्तांकडं असतो आणि महासभा (म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा), स्थायी समिती धोरण आणि पैसा मंजूर करतात. नगरसेवकाचं वजन असतं, नाही म्हणत नाही, त्याच्या पत्राला वेगळा मान असतो, पण गटारीचं झाकण बसवायला नगरसेवकच लागतो असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. आणि आठवून बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये मागच्या नगरसेवकांची मुदत संपली तेव्हापासून या निवडणुकीपर्यंत आपल्याकडं प्रशासकच होता, एकही नगरसेवक नव्हता, तरी लोकांची कामं कुणीतरी अर्ज करून करून घेतलीच की.

आम्ही काय करतो तर वहीतली तक्रार आधी जाग्यावर जाऊन बघतो, फोटो काढतो, मग त्या घरातल्या माणसाच्याच नावानं अर्ज लिहितो. आघाडीच्या लेटरहेडवर नाही, हे मुद्दाम. अर्ज दोन प्रतीत, एक आवक विभागात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. शिक्का नाही तर अर्ज नाही असं समजा. जन्म-मृत्यू दाखल्यासारख्या ठरलेल्या सेवांना २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानं मुदत आहे, मुदतीत काम झालं नाही तर वरच्या अधिकाऱ्याकडं अपील करता येतं, आणि ऑनलाइन करायचं तर आपले सरकार पोर्टल आहेच. बाकीच्या गोष्टीत काही हलत नसेल तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा, दहा रुपये फी, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर फी पण नाही, आणि ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. "माझ्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली आणि तो सध्या कुणाच्या टेबलवर आहे" एवढंच विचारायचं. माझा अनुभव सांगतो, निम्म्या वेळा हे उत्तर द्यायची वेळ यायच्या आत झाकण बसलेलं असतं.

मी तुम्हाला मत दिलं नव्हतं, तरी काम सांगितलं तर चालेल का?

चालेल. कुणी कुणाला मत दिलं हे आम्हाला माहीत नाही आणि विचारत पण नाही. वहीत घराचं वर्णन आहे, तक्रार आहे, मताचा रकानाच नाही.

जिंकलेल्या नगरसेवकांशी तुमचं भांडण आहे का?

नाही. निकालाच्या तिसऱ्या दिवशी आमचे चौघं उमेदवार जाऊन चौघांना हार घालून आले. त्यावरून आमच्याच काही पोरांना राग आला होता, पण प्रभाग एकच आहे, दूध आणायला एकाच डेअरीवर जायचंय. आम्ही त्यांना वहीतल्या मोठ्या कामांची यादी पण दिलीय, म्हणजे जिथं बजेट लागतं अशी, कारण ती अर्जानं होत नाहीत. दोघांनी मनापासून ऐकून घेतलं, दोघांनी ठेवून घेतली. जिथं त्यांनी चांगलं केलं तिथं आम्ही ग्रुपवर चांगलं लिहितो आणि जिथं नाही तिथं विचारतो.

चार मतं का द्यायची होती हे अजून कळलं नाही ओ.

खूप जणांचं हेच झालं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचं. महापालिकेत ७८ नगरसेवक आहेत आणि एका प्रभागातून बहुतेक ठिकाणी चार जण जातात. त्या चार जागांना अ, ब, क, ड अशी नावं असतात, प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं असतं आणि प्रत्येक जागेसाठी एकेक बटण दाबायचं असतं. कुणीच पसंत नसेल तर त्या जागेला नोटा. आम्ही प्रचारात पॅनल टू पॅनल, म्हणजे चारही मतं आपल्याच चौघांना, एवढंच ओरडत बसलो, यंत्र कसं वापरायचं ते समजावून सांगितलं नाही, ही आमची मोठी चूक झाली. पुढच्या वेळी कुठल्याही निवडणुकीआधी गल्लीगल्लीत पुठ्ठ्याचं डमी यंत्र घेऊन जाणार आहोत, चिन्ह कुणाचंही न लावता.

मशीनमध्ये गडबड झाली असं तुम्हाला वाटतं का? कोर्टात का गेला नाहीत?

आम्हाला तसं वाटत नाही. महापालिका निवडणुकीत व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं ते चिठ्ठीवर दाखवणारं यंत्र, नसतं, त्यामुळं लोकांच्या मनात शंका येते आणि ती शंका मांडायचा त्यांना हक्क आहे. पण प्रत्येक केंद्रावर शेवटी एकूण किती मतं पडली ते आमच्या मतदान प्रतिनिधींनी लिहून आणलं होतं आणि मोजणीच्या टेबलावर ते आकडे जुळले. निवडणूक याचिका करायची तर निकाल प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांची मुदत असते, आमच्याकडं पुरावा नव्हता म्हणून केली नाही. हरलो ते मतांनी हरलो.

तुमचा माणूस स्वीकृत नगरसेवक म्हणून जाणार अशी चर्चा आहे, खरं का?

खोटं. स्वीकृतच्या, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या नगरसेवकांच्या जागा सभागृहात कुणाचे किती नगरसेवक आहेत त्यावर वाटल्या जातात, आमचं तिथं कुणीच नाही तर जागा कुठून येणार. आणि स्वीकृत सदस्याला सभेत बोलता येतं पण मत देता येत नाही, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

खर्चाचं काय? एवढे पैसे कुठून आले, आणि कुणाचे राहिलेत का?

पैसे वर्गणीतून आले, पावती पुस्तकं ऑफिसमध्ये आहेत, कधीही येऊन बघा. निकालानंतर ३० दिवसात प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, जिंकलेल्याला पण आणि पडलेल्याला पण. तो दिला नाही तर पुढं निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतात, खूप पडलेले उमेदवार इथंच गाफील राहतात. आमच्या चौघांनी मुदतीत दिलाय.

राहिले होते ते स्पीकरच्या रिक्षावाल्या दोघांचे आणि मंडपवाल्याचे काही. निकालानंतर ऑफिसमध्ये वर्गणी काढून दिले. रिक्षावाल्यानं दिवसभर उन्हात तुमचं नाव पुकारलेलं असतं, तो दुसऱ्या दिवशी पैसे मागायला आला आणि ऑफिसला कुलूप असलं तर त्याला काय वाटेल, हे मला फार लागतं. आपल्याकडं पडलेल्या उमेदवाराच्या दारात असे हेलपाटे मारणारे लोक मी लहानपणापासून बघितलेत.

देणगी दिली तर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळेल का?

नाही. आपली नोंदणी राज्य निवडणूक आयोगाकडं आहे. अशी सूट केंद्रीय निवडणूक आयोगाकडं नोंदलेल्या पक्षांना दिलेल्या देणगीवर असते. कुणी कार्यकर्त्यानं सूट मिळेल असं सांगितलं असेल तर ते चुकीचं सांगितलंय, पैसे परत हवे असतील तर पावती घेऊन या.

आभाराचे बॅनर का लावले नाहीत? लोकांना वाटतंय तुम्ही खचलात.

खचलो होतो, आठ दिवस कुणाचंच कशात मन नव्हतं, ते लपवत नाही. पण बॅनर त्यामुळं नाही. परवानगीशिवाय खांबावर, भिंतीवर काही लावलं तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण कायद्यानं गुन्हा आहे आणि प्रचारात आम्हीच स्वच्छ प्रभाग म्हणत फिरलो. आहेत ते सगळे फ्लेक्स निकालानंतर दोन दिवसात उतरवले. चांगले होते ते ज्यांना गोठ्यावर, शेडवर टाकायला हवे होते त्यांना दिले, त्यामुळं काही ठिकाणी आमच्या उमेदवाराचा चेहरा अजून म्हशीच्या डोक्यावर दिसतोय, त्याबद्दल कुणी वाईट वाटून घेऊ नका, आम्हीच दिलेत.

यादीत नाव नव्हतं म्हणून मत देता आलं नाही. आता काय करू?

आता म्हणजे आत्ताच करा, पुढची निवडणूक लागली की धावपळीत काही होत नाही. महापालिकेसाठी वेगळी यादी नसते, विधानसभेचीच यादी प्रभागाप्रमाणं फोडतात. त्यामुळं दोन प्रकारचे घोळ होतात. एकात नाव मूळ यादीतच नसतं, दुसऱ्यात नाव असतं पण फोडताना शेजारच्या प्रभागात गेलेलं असतं. आमच्या वहीत दुसऱ्या प्रकारचे लोक जास्त निघाले, रस्त्याच्या या बाजूचं अख्खं अपार्टमेंट त्या बाजूला. प्रारूप यादी लागते तेव्हा हरकतीची मुदत असते, ती आपण सगळ्यांनी झोपेत घालवली, आघाडीनं पण.

नवीन नाव घालायचं तर फॉर्म नंबर ६, मयत किंवा दुबार नाव काढायचं तर ७, पत्ता बदललाय किंवा नावात चूक आहे तर ८. अठरा पूर्ण व्हायची तारीख आता फक्त १ जानेवारीच धरत नाहीत, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर पण धरतात, त्यामुळं बारावीची परीक्षा दिलेल्या पोरापोरींनी पुढच्या वर्षाची वाट बघू नये. फॉर्म फोनवरून ऑनलाइन भरता येतो, अडचण आली तर १९५० ला फोन करा, किंवा आपल्या भागाच्या बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटा. आमच्याकडं दर रविवारी सकाळी दोन मुली लॅपटॉप घेऊन बसतात, आधार आणि फोटो घेऊन या. मयताचं नाव काढायला लोक कचरतात, वडिलांचं नाव यादीतून काढायला हात धजत नाही असं एका काकांनी सांगितलं, मी त्यांना जबरदस्ती केली नाही. पण ते नाव तसंच राहिलं तर त्याच्यावर दुसरं कुणी मत टाकू शकतं, एवढं मात्र लक्षात घ्या.

पावसाळ्याआधी तुम्ही घरोघरी परत फिरताय, हा परत प्रचार का?

नाही, हे पुराचं काम आहे आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं.

सांगलीत राहणाऱ्याला २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगायला नकोत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आपण सगळे जुलै-ऑगस्टमध्ये मोबाइलवर फूट बघत बसतो, कोयनेतनं किती क्युसेक सोडलं ते बघतो, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या नावानं बोलतो. पण पातळीचा आकडा सगळ्या शहराला एकच असतो आणि पाणी प्रत्येक गल्लीत वेगळ्या फुटाला येतं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोड इथं धोका पातळीच्या कितीतरी आधी सामान हलवायला लागतं. हे जुन्या लोकांना तोंडपाठ असतं, नवीन भाडेकरूला काहीच माहीत नसतं.

म्हणून आम्ही प्रत्येक घरी एवढंच विचारतो की आयर्विनला किती फूट असताना तुमच्या पहिल्या पायरीला पाणी लागलं होतं. एका आजींनी भिंतीवर तिन्ही पुरांच्या खुणा केलेल्या दाखवल्या, रंग देताना तेवढी पट्टी सोडून देतात त्या. असं सगळं गल्लीवार लिहून कागद तयार करतोय, तो भाडेकरूंना देणार. त्याच्यासोबत एक यादी आणखी आहे, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठं गरोदर बाई आहे, कुठं जनावरं आहेत. रात्री दोनला पाणी वाढलं की हे शोधत बसायला वेळ नसतो. २०१९ ला मी माझ्या स्वतःच्या गल्लीत मागच्या खोलीत एक आजोबा एकटे राहतात हे विसरलो होतो, शेजारच्या पोरानं आठवण केली म्हणून ते निघाले. ती यादी बाहेर कुणाला मिळणार नाही, फक्त गल्लीतल्या दोन जबाबदार माणसांकडं राहील आणि महापालिकेच्या आपत्ती विभागाला एक प्रत देऊ.

नालेसफाईचे फोटो पण याच फेरीत काढतोय, सफाईच्या आधीचे आणि नंतरचे, तारखेसकट.

गुंठेवारीत घर आहे, शामरावनगरकडं. आम्हाला रस्ता, गटार मिळणार का, का नुसती आश्वासनं?

खोटं सांगून मत मिळवायची वेळ गेलीय, त्यामुळं खरं सांगतो. गुंठेवारी म्हणजे जमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडून विकलेले प्लॉट. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी घरं नियमित करायची वाट उघडली. पण नियमित करून घ्यायला शुल्क भरावं लागतं आणि कागद लागतात, आणि खूप घरांचे कागद साध्या नोटरीवर आहेत. शामरावनगरात प्रश्न नुसता कागदाचा पण नाही, खोलगट काळी जमीन आहे, पाऊस पडला की पाणी जायला जागाच नाही, तिथं चार घरांपुरतं गटार बांधून काही होत नाही, पूर्ण भागाचं पाणी बाहेर काढायची योजना लागते. ती बजेटमधनंच होणार. आम्ही एवढंच करू शकतो की तुमचे कागद बघून काय कमी आहे ते सांगणार, आमच्यातले एक रिटायर्ड सर्व्हेअर काका शनिवारी बसतात, फुकट बघून देतात.

बजेटमध्ये आपण काय करू शकतो, ते तर बंद खोलीत ठरतं?

आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, तिथं १६ सदस्य असतात, मग ते महासभेत येतं. महासभा महिन्यातून एकदा तरी घ्यावीच लागते आणि प्रेक्षक म्हणून नागरिकाला जाऊन बसता येतं, बोलता येत नाही. आमचे चार-पाच जण आता प्रत्येक सभेला जाऊन बसतात आणि आपल्या प्रभागाचा विषय निघाला की कोण काय बोललं ते लिहून ग्रुपवर टाकतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेरीनाल्याचा विषय निघेल म्हणून वाट बघत बसलो. शहराचं सांडपाणी कृष्णेत जाणं थांबवायचं, ते शुद्ध करून धुळगावला शेतीला द्यायचं हे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय, आणि नाल्याचा वास अजून येतोय. या विषयाचे जुने ठराव आम्ही माहिती अधिकारात मागितलेत, आले की सगळ्यांना दाखवू.

तुमच्या महिला उमेदवार आता दिसत नाहीत, घरी बसल्या का?

नाही. एक ताई रोज दुपारी ऑफिसला असतात, रेशन आणि पेन्शनचे अर्ज त्याच बघतात. दुसऱ्या ताई शाळेत शिकवतात, त्या संध्याकाळी येतात. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, पण अजून लोक "साहेब कुठायत" म्हणून ताईंच्या नवऱ्याला शोधत येतात. आमच्याकडं नियम आहे की ताईंचं काम ताईंनाच सांगायचं, नवऱ्याला सांगितलेलं वहीत लिहून घेत नाही.

मोठ्या पक्षात विलीन होणार का?

विचारणा झाली होती, दोन बाजूंनी. बैठकीत सगळ्यांनी नाही म्हटलं.

पुढच्या वेळी परत उभे राहणार का?

ठरलेलं नाही. ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. माझं मत म्हणाल तर पाच वह्या संपल्याशिवाय सहावी विकत घ्यायची नाही.

माझी तक्रार वहीत आहे का हे कसं कळणार?

ऑफिसला या, रोज संध्याकाळी सहा ते नऊ, सोमवारी बंद. वह्या गल्लीप्रमाणं लावल्यात, झालेल्या कामावर हिरवी रेघ आहे आणि अर्ज दिलेल्यावर आवक नंबर लिहिलाय. नाव सांगितलं तरी चालतं, पण एका गल्लीत एकाच आडनावाची सात-आठ घरं असतात, म्हणून येताना लाइट बिल घेऊन या, मीटर नंबरवरनं घर लगेच सापडतंय.